संदर्भ : पान चौदा

तुम्ही हसाल, पण विद्यापीठातल्या बढतीच्या मुलाखतीत साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, सरकारी धोरणांवर इतकं लिहिलंत, पण तुमच्या लेखनाचा संदर्भ दिलाय किती जणांनी?"

म्हटलं, "दोघांनी. त्यातली एक मीच."

सगळे हसले. तेव्हा मी हिर्डोशी गावच्या बायकांनी एसटी आगाराला दिलेल्या अर्जाची झेरॉक्स टेबलावर आपटली. विषय : सकाळची गाडी. संदर्भ : माझा अहवाल, पान चौदा; गावाला सकाळी गाडीच नाही, हे मी तिथं मांडलं होतं. खाली अंगठे, पहिला कोंडाबाईंचा.

"हे जर्नल नाही. धरता येणार नाही."

"नका धरू. गाडी सुरू झालीय. तुमच्या लेखांनी साधी सायकल तरी हलवली का?"

बढती अर्थातच गेली. कोंडाबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "आवं, मग आमी करतो की अर्ज! गाडी आली, बढती कशी येत न्हाई तेच बगू."