‘डोळ्यात फुंकर घाल’ या कापडाबाबत

नाव: आराबा आर्कोर्फुल. वय: एक्कावन्न वर्षे. धंदा: गोधड्या व कापडी कार्डं शिवून विकणे. राहणार: कोटोकुराबा बाजारामागे, केप कोस्ट.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते, की मी विधवा असून वरील पत्त्यावर एकटी राहते. शिंप्यांकडून चिंध्यांची पोती आणून मी गोधड्या, अभ्रे, पिशव्या शिवते आणि उरल्या तुकड्यांची कार्डं करते. आमच्याकडे कापडाच्या प्रत्येक छापाला नाव असतं, हे सार्जंटसाहेबांना ठाऊक आहे. त्यांच्या आईनं सुनेसमोर ‘घरचाच खडा टोचतो’ नेसून अख्खा रविवार काढला होता. हे लिहू नका म्हणाले. मी म्हटलं, जबाब माझा आहे ना? मग लिहा. तर कार्डावर अक्षर लागत नाही. कापड बघितलं की कळतं.

माझं एक पोतं शिंपी कोबिना अनामन यांच्याकडून येतं. ते विधुर आहेत आणि बोलणं म्हणाल तर तोंडातून शब्द काढायला सांडशी लागेल. गेल्या पावसापासून त्यांच्या पोत्यात सगळ्यांत वर एक तुकडा येऊ लागला, दरवेळी ‘डोळ्यात फुंकर घाल’ या छापाचा. डोळ्यात कण गेला तर माणूस परक्याला फुंकर मारायला सांगत नाही, जवळचंच कुणीतरी लागतं. बरं, चिंधी कधी चौकोनी नसते. हे तुकडे चौकोनी होते आणि कडा दुमडून टाके घातलेले. शेजारी केंके, म्हणजे मक्याच्या पिठाचे उंडे, विकणारी एसी म्हणाली, “आराबाताई, म्हाताऱ्याच्या डोळ्यात कचरा गेलाय, आणि तो कचरा तू आहेस.” मी म्हटलं, गप बस गं. पण त्या दिवशी मी गाणं म्हणत भांडी घासली. हेही लिहा.

काल शुक्रवारी मी उत्तर द्यायचं ठरवलं. त्यांच्याच एका तुकड्याचं कार्ड शिवलं, म्हणजे मलाही तेच म्हणायचंय. त्याच बैठकीत चर्चच्या बायकांनी सांगितलेलं कार्डही केलं. पाळकांची बदली झाली आहे, त्यांच्यासाठी ‘सांभाळून जा’ हा छाप. दोन्ही कार्डं एकसारख्या पाकिटांत घातली आणि एसीच्या हाती दोन्हीकडे पाठवली. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आज सकाळी निरोपाच्या कार्यक्रमात पाळकांनी पाकीट उघडून कार्ड उंच धरलं. ते बिचारे उत्तरेकडचे, त्यांना छापांची नावं कळत नाहीत. “किती सुंदर! हे मी उशाशी ठेवीन,” म्हणाले. लोक हसून हसून बाकांवरून घसरले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही ओसोफोमामी म्हणतो, त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

त्या छत्री घेऊन थेट माझ्या दुकानावर आल्या. “माझ्या नवऱ्याला फुंकर मागतेस काय गं, सटवे?” मी म्हटलं, “मामी, तुमच्या नवऱ्याकडे मी ढुंकूनही बघत नाही, बघण्यासारखं आहे काय?” हे बोलायला नको होतं. मग छत्री चालली. अभ्रे उडाले, एसीची मिरचीची चटणी सांडली, आणि शेवटी आम्ही दोघी एकाच गोधडीखाली सापडलो. मला लागलं नाही, गोधडी जाड होती. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

पण मला घोर लागला तो निराळाच. फुंकर पाळकांकडे गेली, तर ‘सांभाळून जा’ कुणाला मिळालं? हवालदार आम्हा दोघींना इकडे आणत असतानाच एसी बोंबलत आली, की अनामन मास्तरांनी दुकानाला कुलूप ठोकलंय, टाकोराडीला लेकीकडे कायमचे चाललेत, स्टँडवर ट्रोट्रो गाडीत बसलेत. मी रस्त्यातच बसून रडले. लोकांना वाटलं छत्रीमुळे.

इथे आल्यावर मी सांगितलं, की हे कापड कुणाच्या दुकानातलं ते ओळखणारा एकच साक्षीदार आहे आणि तो गाव सोडून चाललाय. त्याला आणल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. सार्जंटसाहेब म्हणाले, “बाई, हे खुनाचं प्रकरण आहे का?” मी म्हटलं, “साहेब, माणसं भरली की ट्रोट्रो सुटते हो!” तेव्हा ओसोफोमामीच माझ्याकडे टक लावून बघत बसल्या आणि एकदम टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “अगं बाई, शिंपी होय! अहो, बघत काय बसलात, जीप पाठवा की!” जीप गेली.

सध्या कोबिना अनामन समोरच्या बाकावर मांडीवर बोचकं घेऊन बसले आहेत. पाणी दिलं, घेतलं नाही. माझ्याकडे बघत नाहीत. सबब मी त्यांच्यासमक्ष सांगते, की पाळकांकडे गेलेलं कार्ड यांचं होतं. ते मी राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत शिवलं आहे. आता हे गाडीत बसले तर मी मागच्या गाडीत बसेन, आणि टाकोराडीलाही चिंध्या मिळतात.

वरील मजकूर बाईंना फांटी भाषेत मोठ्यानं वाचून दाखवला. आपण सांगितला तसाच उतरला आहे, असं त्या म्हणाल्या. बाकावरील साक्षीदारानं तो पुन्हा एकदा वाचावा अशी विनंती केली, म्हणून पुन्हा वाचला. साक्षीदार म्हणाला, “बरोबर आहे.” मग त्यानं बोचकं खाली ठेवलं आणि डोळ्यात काहीतरी गेल्याची तक्रार केली. बाई खुर्चीवरून उठून तिकडे गेल्या, सबब सही घ्यायची राहिली.