चार इंचांतली ताई

छपाईच्या दुकानात नर्सबाईंचा नंबर काकांच्या मागे होता. काकांनी काच तडकलेला मोबाइल काउंटरवर दुकानवाल्या बाईंपुढे ठेवला.

"हे भिंतीएवढं करून द्या. माझं चित्र आहे, ताईनं काढलेलं. ती गेली, आता हेच उरलंय."

"मूळ फाइल आहे का, काका?"

"तिचा कॉम्प्युटर तिच्याआधीच गेला. तिनं मोबाइलवर पाठवलेलं हे एवढंच. दोन दुकानांतून मोठं करून आणलं, तर तोंडाचे नुसते चौकोन! मला वाटलं, माझेच डोळे गेले."

"डोळे शाबूत आहेत तुमचे. या चित्रात आडवे बाराशेच ठिपके आहेत आणि स्वच्छ छापायला इंचाला तीनशे लागतात. अंथरूण पाहून पाय पसरायचे."

"मग किती पसरू?"

"चार इंच."

"चार? मला काय पाकिटात घालून पाठवायचंय?"

"छापते तर खरं. नाही आवडलं तर इथेच ठेवून जा."

यंत्र घरघरलं. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"अहो, मिशीचा केस न् केस दिसतोय! आणि हे बटण!"

"काय झालं बटणाला?"

"सदऱ्याचं हे बटण तुटलेलं. 'लावून घे, लावून घे' म्हणून शेवटपर्यंत ओरडत होती. मी कसला लावतोय! तिनं चित्रात लावून ठेवलंय, लाल दोऱ्यानं. या फुटक्या काचेत कधी दिसलंच नाही."

"मग भिंतीचं काय करायचं?"

"राहू दे रिकामी. बाई, तुमच्यामुळे भेटली हो ती."

काका मागे नर्सबाईंकडे वळले.

"ताई, तुम्हीही बघा. दोरा दिसतोय ना?"

"दिसतोय की. गाठसुद्धा दिसतेय."