मारिसेलचा सत्कार

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन मराठी बायका बोलत होत्या.

“मंजूषा, आज मंडळात सत्कार कोणाचा गं?”

“मारिसेलचा. ती फिलिपिनो बाई, नवीन आलेल्या बायकांना सायकल शिकवते ना, तिचा.”

“माझ्या बाळंतपणात तीच धावली होती! आणि स्वयंपाक?”

“मारिसेलच करतेय.”

“स्वतःच्या सत्काराचा?”

“ऐकते कुठे! सत्काराचा नारळसुद्धा फोडून चिकनमध्ये घातला.”

“अगं बाई! निदान शाल तरी?”

“ती तिनं हॉलशेजारच्या कुडकुडणाऱ्या डच आजींना पांघरली.”

“मग तिला द्यायचं काय?”

“खुर्ची. अध्यक्ष म्हणाले, बाईला पाच मिनिटं बसवा.”

“बसेल?”

“म्हणून तर आपण लवकर निघालोय. तू डावा हात धर, मी उजवा.”