विलासभाऊची अर्धी राहिलेली उलटतपासणी

सगळ्यांना जयभीम. विहारात दाटीवाटीनं बसलेल्या आयांनो, भावांनो, आणि जुन्नरहून दोन जीप भरून आलेल्या काळ्या कोटातल्या मित्रांनो.

चार शब्द लिहून आण, असं विलासभाऊच्या आईनं मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी टाळलं. वही घेतली की भूक लागायची. काल लिहायचंच ठरवलं आणि जीपचं चाक बदलत बसलो. ते पंक्चर नव्हतं. आज सकाळी बॉनेटवर कागद ठेवून हे खरडलं. मी बारावी नापास, जीप चालवतो. विलासभाऊ माझा चुलतभाऊ. अवसरीच्या या वस्तीतला पहिला वकील. वय एकतीस.

माझ्याआधी तीन मोठे वकील बोलले. तिघांनीही ज्युनिअर पोरांना सल्ला दिला. वकील फार झालेत, कामं थोडी आहेत, तेव्हा धीर धरा. सिनिअरला धरून राहा. मित्रांनो, समोर फोटोला हार आहे. त्या फोटोतल्या माणसानं सात वर्षं धीर धरला.

सात वर्षं तो अण्णासाहेबांकडे होता. कोण अण्णासाहेब, ते जुन्नरच्या पोरांना सांगायला नको. तालुक्यातले सगळ्यात मोठे वकील. मजकूर विलासभाऊचा, सही त्यांची. एकदा यानं विचारलं, "अण्णा, वकीलपत्रावर माझं पण नाव टाकू का?" अण्णा म्हणाले, "टाक की. मग पक्षकार पण तूच आण."

यानं आणला. कौसाबाई, आणे गावची. भावानं तिला भाऊबीजेला बोलावलं, ओवाळून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाचं काम आहे म्हणून जुन्नरला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा गेला. आण्याच्या पठारावर वारा असा, की ती आम्हा दोघांना कागद दाखवायला लागली आणि एक कागद उडाला. मी बाभळीपर्यंत पळालो. तिथं एका म्हाताऱ्यानं मला शेंगा दिल्या, मग आम्ही बोलत बसलो. असो. कुठं होतो मी? हां. तो भाऊ निघाला अण्णासाहेबांचा जुना पक्षकार.

अण्णा म्हणाले, "ज्युनिअर मला बारा मिळतील. तुला सिनिअर एक मिळणार न्हाई." विलासभाऊनं त्यांची बॅग टेबलावर ठेवली आणि बाहेर पडला. कौसाबाईचा दावा स्वतःच्या नावानं लावला.

कौसाबाईच्या भावाच्या उलटतपासणीच्या दिवशी विलासभाऊला कावीळ झालेली. डोळे असे, की बाकावरच्या बायका सरकून बसल्या. त्यानं पुढच्या तारखेसाठी अर्ज दिला. विरोध आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. अण्णासाहेब म्हणाले, "विरोध नाही, साहेब. पहिल्या उलटतपासणीला पुष्कळांचं तोंड पिवळं पडतं."

सगळे हसले. मागच्या बाकावर कोण कोण हसलं, त्यांची नावं घेत नाही. तुम्ही इथंच बसलाय.

विलासभाऊनं अर्ज मागं घेतला. दीड तास भावाला प्रश्न विचारले. दस्त बहिणीला वाचून दाखवला नव्हता, इथपर्यंत भाऊ बोलून गेला. अर्धी राहिली. पुढची तारीख पडली. ती उद्याची.

त्या दिवशी मी त्याला चार वाजता मंचरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मला ओझरचं भाडं मिळालं. तिथून पुढं आणखी एक. साडेसातला पोचलो. पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. "लई फिरतो राव तू," एवढंच म्हणाला. नवव्या दिवशी गेला. तेव्हा मी फक्त तुम्हालाच बोलतोय असं समजू नका.

तो गेला म्हणून कोर्टाचं काम थांबलं. आजारपणात मागितलेली तारीख त्यानं सोडून दिली होती. मेला, तेव्हा सगळ्या तालुक्याला तारीख मिळाली. तुमच्यातले चौघं त्या दुपारी लेण्याद्रीला फिरायला गेले. मीच नेलं.

आता माझ्या खिशात काय आहे ते बघा. कोरं वकीलपत्र. कौसाबाईचा अंगठा आहे. या वेळी तिला आधी वाचून दाखवलं, मीच, अडखळत. वकिलाचं नाव नाही. आठ दिवसांत मी तुमच्यातल्या अकरा जणांना विचारलं. "समोर अण्णा हायेत भाऊ." "माझं नोटरीचं व्हतंय, आत्ता नको." "घरी विचारून सांगतो." एकजण तर मला बघून संडासात गेला, तो बाहेरच आला नाही.

सल्ला पाहिजे ना? नापास माणसाचा घ्या. अण्णासाहेबांकडे जागा एक रिकामी झालीय. तुम्ही अकरा. एका बॅगेसाठी अकरा जण सात-सात वर्षं थांबा. तुमच्या शोकसभेला माणसं मी फुकट आणीन.

नाहीतर उद्या अकरा वाजता कौसाबाईच्या बाजूनं उभे राहा. पुढचे प्रश्न विलासभाऊनं वहीत लिहून ठेवलेत. नुसते वाचायचेत. कोणीच गेलं नाही, तर भावाची साक्ष तिथंच संपेल, आणि ती बाई काही न कळता कोर्टाकडं बघत बसेल.

एवढंच. आता दोन मिनिटं शांत...

थांबा. दारातून विलासभाऊचे वडील हात करतायत. काय, तात्या? मोठ्यानं सांगा.

अण्णासाहेबांची गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबलीय म्हणतात. उतरून चालत येतायत. ते आपल्या वस्तीत आजवर कधी आले नव्हते.

मित्रांनो, ते दारात आले की तुम्ही उठालच. अंगवळणी पडलंय. म्हणून आत्ताच उठा. वकीलपत्र फोटोपाशी ठेवतो, पेन उघडं आहे. गाडीपासून इथपर्यंत यायला त्यांना दोन मिनिटं लागतील. तेवढीच विलासभाऊसाठी.