वाणात गेलेली हार्ड डिस्क

नाव सौ. सुंदरा हिरामण ठोंबरे, वय ५७ वर्षे, धंदा घरकाम व भातशेती, रा. खालापूर, जि. रायगड.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर माझे पती हिरामण यांच्यासह राहते. मुलगी श्रद्धा लग्न होऊन पुण्यास असते. माझे पती मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात व पाय अधू असून जीभ जड झाली आहे. बोलणे फुटत नाही असे नाही, पण वेडेवाकडे येते म्हणून ते लाजेने बोलत नाहीत. कोणी घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. घराबाहेर तर पडतच नाहीत. आळीत ज्या माणसाचा आवाज चार घरे ऐकू जायचा, त्याची ही गत. हवालदार नम्रताबाई मुद्द्याचे सांगा म्हणतात. हाच मुद्दा आहे.

श्रद्धाने तिचा कॉलेजातला लॅपटॉप बापासाठी ठेवला व त्यात ट्रक चालवायचा गेम लावून दिला. लॅपटॉप जुना, आत जागा नाही, म्हणून तो गेम बाहेरून वायरने जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये आहे. काळी, साबणाच्या वडीएवढी डबी. डबी जोडली की ट्रक चालतो, काढली की लॅपटॉप नुसता बघत बसतो. ब्रेकचे बटण उजव्या हाताच्या बोटाने दाबायचे, असे श्रद्धाने बापाला बजावले होते. पहिले काही दिवस ते बोट मीच धरून ठेवत असे.

एके दिवशी मी चुलीपाशी असताना आतून आवाज आला, "आरं हट की रं बाजूला!" मला वाटले कोणी परका माणूस घरात शिरला. जाऊन पाहते तर हेच. त्या गेममधला रस्ता परदेशातला, गाड्या उलट्या बाजूने येतात, आणि हे तिथल्या गाडीवाल्यांना आपल्या भाषेत झापत होते. मी उंबऱ्यात बसून रडले. हे लिहायचे नसेल तर नका लिहू, पण झाले ते असे झाले.

तेव्हापासून रोज दुपारी ते ट्रक चालवतात आणि शिव्या घालतात. मी भाजी निवडत ऐकते. मध्येच "सुंदरा, टोलनाका आला गं," असेही सांगतात. ट्रक उभा केला की पुन्हा गप्प. इतर कोणासमोर नाही, फक्त त्या डबीसमोर आणि माझ्यासमोर. त्यामुळे डबीची किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही.

गेल्या शुक्रवारी माझ्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. यंदा वाण म्हणून मी कर्जतच्या बाजारातून जरीचे बटवे आणले होते व प्रत्येकात साबणाची एकेक वडी घातली होती. डबीचे कव्हर फाटले होते, धूळ बसू नये म्हणून त्यातलाच एक बटवा मी डबीला घातला. अक्कल म्हणतात ती हीच. सकाळी घर आवरताना मी सगळे बटवे एका ताटात भरले. हाताला वजन सारखेच लागले. संध्याकाळी आळीतल्या सवाष्णी आल्या, मी हसत हसत एकेक बटवा वाटला. कोणाला कोणता दिला ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे टेबलाशी बसले, वायर हातात घेतली, आणि जोडायला काही नव्हते.

बायका वाण उघडून बघत नाहीत. कपाटात टाकतात, पुढल्या वर्षी दुसरीला देतात. मीही तेच करते, कोणाला काय बोलू? परंतु दिलेले वाण मी परत मागू शकत नाही. ते नवऱ्याच्या आयुष्यासाठी दिलेले असते. माझ्या नवऱ्याची तब्येत अशी, आणि मी दारोदार जाऊन "माझं वाण परत द्या" म्हणू? जीभ तुटली तरी म्हणणार नाही. श्रद्धा फोनवर म्हणाली, "आई, काय गं हे, मी दुसऱ्या डिस्कवर टाकून देते." पण यांनी मान हलवून नाही म्हटले. त्यांनी त्या डबीत कुठवर ट्रक नेला होता ते त्यांनाच ठाऊक. चार दिवस झाले, घरात एक शब्द नाही. मला ते सहन होत नाही.

म्हणून शेजारच्या येसूबाईस यांच्यापाशी बसवून मी आज ठाण्यात आले. पोलिसांनी विचारले तर ते मी मागितल्यासारखे होत नाही, असा माझा हिशेब होता. नम्रताबाई हसल्या. चोरी नाही तर गुन्हा कसला, फार तर गहाळ म्हणून नोंद घेते म्हणाल्या. मी म्हटले, घ्या, पण माणूस पाठवा.

एवढे लिहून होत असताना आमच्या आळीतला रिक्षावाला चांगो माझ्या पतींना धरून ठाण्यात घेऊन आला. पायात चपला नाहीत, सदऱ्याची बटणे वरखाली. मी आधी ओरडलेच, "पडला असता म्हंजे? कोणी सांगितलं होतं भायेर पडायला?" चांगो म्हणाला, "काकी, वरडू नका. येसूआजीचा डोळा लागला तशे काका काठी घेऊन निघाले. घरोघरी गेले. 'बटवा उघडा' म्हनाले. पयल्यांदा कोनाला कळंना, तर पुन्ना म्हनाले. पोरं हसली तरी म्हनाले." शेवटी आळीतल्याच विनिताच्या कपाटात डबी सापडली. ती यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, वरून हात दाबून धरलेला.

मी त्यांच्या सदऱ्याची बटणे नीट लावली. नम्रताबाईंनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

वस्तू मिळाल्याने माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. विनिता किंवा आळीतल्या कोणाही बाईस ठाण्यात बोलावू नये.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, मी बोलले तसाच तो उतरला असून मला मान्य आहे. वाचून झाल्यावर आणखी काही सांगायचे आहे का, असे नम्रताबाईंनी मला विचारले. त्याचे उत्तर माझ्या पतींनी दिले. ठाण्यातल्या सगळ्यांनी ते ऐकले. शब्द अडखळत आले, पण सगळे आले. माझ्या सांगण्यावरून ते जसेच्या तसे लिहिले आहे : "बाई, हिला सोडा आता. मी न्यायला आलोय."