सरूबाई बँडात आता आम्ही कोणी नाही

मी म्हसावदचा, एकनाथ माझं नाव, पण नाव विचारत याल तर कोणी घर दाखवणार नाही, क्लॅरनेटवाला कुठे राहतो म्हणा, कोणीही दारापर्यंत आणून सोडेल. बाप गुजर पाटलांच्या केळीत कामाला होता, मी पण तिथेच पाणी भरायला लागलो, आणि तिथे मला प्रकाशा गावचा हिरामण भेटला, तो सुरतेला एका बँडात राहून ट्रम्पेट शिकून आलेला. त्याने मला विचारलं, एकनाथ, तुन्ही छाती चांगली शे, फुकशी का? मी म्हटलं, फुकसू. एवढ्यावर आयुष्य ठरलं, काय सांगू तुम्हाला, लग्न ठरवायला पण याच्यापेक्षा जास्त बोलणं होतं.

मंग युसूफभाई आला, साइड ड्रमवाला, आणि तिघांनी मिळून बँड काढला, हिरामणच्या आईच्या नावाने, सरूबाई बँड. बाकी माणसं येत गेली, जात गेली, ढोलवाले, झांजवाले, पण आम्ही तिघं तेच. शहाद्यापासून खापरपर्यंत वाजवलं, गुजरांच्या लग्नात वाजवलं, डोंगरातल्या लग्नात वाजवलं, तिकडे नाचणारा थकत नाही, फुकणारा थकतो. तारीख ठरवायला येणारा पहिले विचारायचा, हिरामण मास्तर सोता येतीन ना? येतील म्हटलं की मंगच तो बसायचा, पाणी प्यायचा.

आधी गेला तो हिरामणच. त्याला दम लागायचा, डॉक्टरने सांगितलं फुकणं बंद, तरी याने दोन लग्नसराया काढल्या. तो गेला तेव्हा मी रडलो नाही. खरं सांगतो, काही वाटलंच नाही. तापीवर नेलं, आलो, आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी शहाद्याला लग्न होतं तिथे जाऊन वाजवलं. बायको म्हणे, आहो, रडी तरी ल्या. मी म्हटलं, येतच नाही ना. मंग युसूफभाईच्या हाताला कंप सुटला, काडी हातात राहिना, तो लेकाकडे नवापूरला गेला आणि तिकडेच वारला, मला कळलं तोवर त्याचं चाळीसावं होऊन गेलं होतं. तेव्हाही तसंच, ऐकलं आणि जेवायला बसलो.

मंग माझे वरचे पुढचे दात गेले. लोकांना वाटतं क्लॅरनेट फुकण्यावर आहे, ते दातांवर असतं हो. कवळी बसवली तर फुकायला गेलं की ती पुढे येते. बँड तोवर मास्तरच्या जावयाने, राजूने, चालवायला घेतला होता, तो म्हणे, काका, तुमी नुसते पुढे फेटा बांधीसन उभे ऱ्हा, लोकेसले जुना मानूस दिसाले पाहिजे. एक लग्न उभा राहिलो. क्लॅरनेट तोंडाला लावायचं, बोटं हलवायची, आवाज नाही काढायचा. दुसऱ्या दिवशी फेटा धुतला, घडी केली, त्याला नेऊन दिला.

यंदा प्रकाशाला साडूच्या नातीचं लग्न होतं आणि बँड सरूबाईच. गाडी नवी, चारही बाजूंनी भोंगे, माणसं सगळी नवी, राजू काही त्या दिवशी आलेला नव्हता. दुपारी नवरी निघाली, यांनी बिदाईची चाल धरली, मी ओट्यापाशी उभा. दुसरी ओळ वर चढते तिथे ट्रम्पेटवाला मध्येच थांबला, ड्रमने जागा भरली, मंग त्याने पुढची ओळ उचलली. ती चाल तशी नाही हो. तिथे हिरामणचा दम संपायचा, शेवटी शेवटी, ओळ तुटायची, आणि लोकांना कळू नये म्हणून युसूफभाई तेवढी जागा ड्रमने झाकायचा. ही माणसं तेवढंच ऐकून शिकली, त्यांना वाटतं गाणंच असं आहे. पस्तिशीचा धडधाकट माणूस, बैलासारखी छाती, आणि तिथे श्वास तोडतो. मी दोन पावलं पुढे गेलो, नीट ऐकायला गेलो का त्याला सांगायला गेलो ते माझं मलाच माहीत नाही, तेवढ्यात ढोलवाला म्हणे, बाबा, बाजूले व्हा, लाइनमा नका येऊ.

मी बाजूला झालो. राग नाही आला, वाईट पण नाही वाटलं. मांडवातली एक खुर्ची रस्त्यात पडली होती ती उचलून भिंतीला लावली. नवरी रडत होती, बायका रडत होत्या, पूर्वी जिथे रडायच्या तिथेच रडत होत्या.

मागच्या आठवड्यात खापरचा एक माणूस घरी आला. त्याच्या लग्नात आम्ही तिघांनी वाजवलेलं, आता त्याच्या पोरीचं लग्न. म्हणे, एकनाथभाऊ, खरं सांगा, तुमनापैकी आते त्यामा कोनी नही, मंग तो बँड बोलावाना का नही? चहा आला, पिऊन झाला. मंग म्हटलं, आम्हाला पाहायला बोलवत असाल तर नका बोलवू, मास्तर नाही, युसूफभाई नाही, मी आहे तो असून नसल्यासारखा. पण तुमची पोर निघेल तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असेल, कोण वाजवतंय ते तिला दिसणार नाही. बोलवा. तो म्हणे, तुमी येशात ना? मी म्हटलं, येसू ना, जेवाले येसू.

पोरीचं चांगलं होवो, वाजवणाऱ्यांचं पण होवो. माझं काय, मला पंगतीत बसायचं आहे.