ऊटा झाला का?

कोविडच्या वर्षी आमच्या कॉलेजचं गॅदरिंग लॅपटॉपवर झालं, ते सांगितलंय का तुम्हाला? मी तिथं शिकवायचो, सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पोरं रोज सकाळी तब्येतीचा फॉर्म भरायची, सगळी 'ठणठणीत'वर टिक करायची, त्यामुळे मी निर्धास्त.

प्राचार्यांचं भाषण संपलं. माझा माइक चालूच होता आणि मागून आईनं विचारलं, "ऊटा झाला का रे?" आम्हा म्हैसूरच्या मराठ्यांच्या घरात जेवणाला ऊटाच म्हणतात. पोरांना वाटलं, त्यांनाच विचारलं. चॅटमध्ये धडाधड कन्नड उत्तरं यायला लागली, "आयतु अज्जी!" म्हणजे झालं.

एकच उत्तर वेगळं होतं. शेवटच्या वर्षाची काव्या, शहराबाहेर येलवालला खोली घेऊन एकटी राहायची. "इल्ला अज्जी, नाही जेवले. तीन दिवस ताप आहे."

मी ते मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "तुझं गॅदरिंग साकु आता, पुरे झालं. मी गंजी शिजवते, तापात पेजच बरी. डबा पोचवून ये."

डबा काव्याच्या दारात ठेवला, लांब उभा राहिलो आणि विचारलं, "मग फॉर्मवर ठणठणीत का लिहिलंस?"

"फॉर्म कॉलेजला हवा होता, सर. हे अज्जीनं विचारलं."